कोपऱ्याची आग

विमानाचं इंजिन मी कधी पाहिलं नाही. विमानही एकदाच पाहिलं, रिठदच्या शेतात निंदताना, मान वर करून. ते दिसेनासं होईपर्यंत शेजारच्या ओळीतली बाई माझ्या बरीच पुढे निघून गेली होती. तरी त्या इंजिनाच्या पोटात काय घडतं ते मला ठाऊक आहे. आमच्या गावात ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती. आता मी एकटी उरले.

माझे यजमान लढाईच्या काळात चार वर्षं विमानांच्या कारखान्यात फिटर होते. गेल्या चैत्रात विषमज्वरानं ते गेले. भेटायला येणारे लोक त्यांच्या स्वभावाबद्दल बोलतात. शांत माणूस, म्हणतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. पण त्यांची आठवण काढायला बसले की मला आधी आठवतो तो माझा हेवा. मी नवऱ्याचा हेवा करत असे. आमच्याकडे बायको नवऱ्यावर रुसते, भांडते, त्याच्यासाठी उपास धरते. हेवा करायचा असतो तो जावेचा, नाहीतर शेजारणीच्या पाटल्यांचा. नवऱ्याचा हेवा करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, म्हणून हे कुणापाशी बोलता आलं नाही. दुपारी गुरं रानात गेली की एखादं पान लिहिते. कधी अर्धंच होतं.

माझे वडील वाशीमला इंग्रजी शाळेत मास्तर होते. मला त्यांनी सातवीपर्यंत शाळेत घातलं आणि पुढे मुलींची सोय नव्हती म्हणून इंग्रजीची तीन पुस्तकं घरीच करून घेतली. यजमान त्यांचेच विद्यार्थी. मॅट्रिकला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा इंग्रजीत गेले. स्थळ आलं तेव्हा वडील आईला म्हणाले होते, "मुलगा हातानं हुशार आहे." माझ्याबद्दल ते असं कधी बोलले नाहीत. माझे हात कधी कुणी तपासलेच नव्हते.

लग्नानंतर दोन वर्षांनी लढाईसाठी कारागीर हवेत अशी जाहिरात निघाली आणि ते गेले. शिकवणारा साहेब गोरा, शिकवणं सगळं इंग्रजीत. फळ्यावर लिहिलेलं यजमान उतरवून घेत, चित्रं काढत, आणि अर्थ लागला नाही की समासात फुली मारत. पहिल्या रजेत, वैशाखात, ते घरी आले तेव्हा काळ्या पुठ्ठ्याची ती वही त्यांच्या पेटीत होती आणि तिच्यात फुल्याच फुल्या होत्या.

त्यांच्या अंगाला तेलाचा वास येत होता. साबणानं दोनदा धुऊनही नखांच्या कडा काळ्याच राहिल्या. बसल्या जागी ते हंडा, परात, काहीही बोटानं वाजवून पाहत आणि कान देऊन आवाज ऐकत. जेवताना तेच बोलणं. बारा सिलिंडरं आहेत, सहा या अंगाला, सहा त्या अंगाला. वंगण किती लागतं. एक नट आवळायला किती जोर लावायचा तेही मोजायचा पाना असतो. माझी मोठी जाऊ वाढता वाढता थांबली आणि मला म्हणाली, "ऐकलं का वं बाई? बारा तोंडाची सवत करून ठेवली तुया नवऱ्यानं."

सगळे हसले. मीही हसले. पण जावेला वाटलं तशी मी त्या सवतीवर जळत नव्हते. मी जळत होते ते तिचं तोंड त्यांनी उघडून पाहिलं म्हणून. हा माणूस माझ्या वडिलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे, आणि त्याला हे सगळं पाहायला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. "फुल्या मारल्या तेवढं सांग," म्हणाले. मी वडिलांचा जुना शब्दकोश काढला. चार दिवस दुपारी आम्ही दोघं त्या वहीत डोकं घालून बसलो होतो. सासूबाई दारातून पाहत आणि परत जात. संसारातले तेवढे चांगले दिवस मला थोडेच आठवतात.

वहीत होतं ते असं. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर येतो तेव्हा ती दाबतो. मग ठिणगी पडते, वाफ पेटते, पिस्टन जोरानं खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळलेलं बाहेर टाकतो. ओढणं, दाबणं, पेटणं, टाकणं. इथवर त्यांना समजलं होतं. अडलं होतं ते पेटण्यापाशी. त्यांना वाटे की ठिणगी पडली की आतलं सगळं एकदम उडतं, फटाक्यासारखं. वहीत मात्र उलट लिहिलं होतं. आग ठिणगीपासून निघते आणि चालत चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते, पण चालत जाते. म्हणून दाब हळूहळू चढतो आणि पिस्टनला झोक्याला द्यावा तसा धक्का बसतो.

आणि पुढे दोन पानं भरून, कधीकधी ते बिघडतं कसं, हे होतं. आग चालत येत असताना पलीकडच्या कोपऱ्यातली न जळलेली वाफ आणखी दाबली जाते, तापते. फारच तापली तर आग पोचायची वाट न पाहता तो सगळा कोपरा एका क्षणात आपणच पेटतो. मग तो झोक्याचा धक्का राहत नाही. झोक्यावर कुणी मुसळ घालावं तसं होतं. धातूला लागून थंड वाफेचा एक पातळ पापुद्रा असतो, तो धातूला जपतो. त्या दणक्यानं तो पुसला जातो आणि आग थेट धातूला भिडते. पिस्टनचं डोकं करपलेल्या भाकरीसारखं होतं, वेळेला भोक पडतं. इंग्रजी शब्द लांब होता. आमच्या दोघांपुरतं मी त्याचं नाव 'कोपऱ्याची आग' ठेवलं.

"कोपरा आपोआप कसा पेटते?" त्यांनी विचारलं. "ठिणगी नाही, काडी नाही."

मला शब्दांत सांगता येईना. त्याच आठवड्यात पेरणीपूर्वीची शेताची झाडझूड चालली होती. धुऱ्यावरचं, शेताच्या कडेचं, वाळलेलं गवत आम्ही दरवर्षी जाळतो, तसं जाळायला काढलं होतं. एका टोकाला सासऱ्यांनी काडी लावली आणि आग धुऱ्यानं चालत निघाली, गायीच्या चालीनं. दुसऱ्या टोकाला दगडांच्या बांधाशी तुरीचं कुटार, मळणीतला भुसा, साचलं होतं, हलकं, कोरडं, तीन बाजूंनी दगडात कोंडलेलं. आग तिथवर पोचायला चांगला हातभर बाकी होता. झळ मात्र आधी पोचली. कुटारातून धूर निघाला, आणि मग सगळा ढीग एकदम भसकन पेटला. वरच्या बोरीची पानं वळली.

मी त्यांच्या दंडाला धरलं. चारचौघांत नवऱ्याला हात लावायची रीत नव्हती, पण मी धरलं. "तो पाहा कोपरा," मी म्हणाले.

ते कितीतरी वेळ त्या ढिगाकडे पाहत उभे राहिले. घरी आल्यावर वहीतल्या त्या फुलीवर त्यांनी गोल काढला.

ते परत गेले आणि महिन्याभरानं पत्र आलं. घरात पत्रं वाचायचं काम माझं. ओसरीवर सासरे, सासूबाई, दीर, जाऊ, सगळे बसले आणि मी उभी राहून वाचू लागले. आईबाबांना शिरसाष्टांग. पहिली परीक्षा पास झालो. साहेबांनी कोपऱ्याची आग सर्वांना विचारली, कुणाला नीट सांगता आली नाही, मी धुऱ्याचं उदाहरण देऊन सांगितली. साहेब फार खूश झाले. सगळ्या वर्गाला पुन्हा सांगायला लावली. हे कुठून आणलं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आम्ही शेतकरी आहोत, दर साल पाहतो.

"पोट्टा हुशार निंगाला," सासरे म्हणाले. "पुन्हा वाच ते."

मी पुन्हा वाचलं. माझं होतं ते माझ्याच आवाजात मी त्यांचं म्हणून दोनदा वाचून दाखवलं. पत्राच्या शेवटी एका कोपऱ्यात, 'घरी सर्वांस नमस्कार,' असं होतं, त्यात मी आले असेन.

त्या रात्रीच नव्हे, पुढचे कित्येक महिने, भाकरी थापताना, कापूस वेचताना ते वाक्य डोक्यात फिरे. दर साल पाहतो. त्यांनी दर साल कुठे पाहिलं होतं? धुरा त्यांच्याही डोळ्यांपुढे लहानपणापासून जळत होता. वही माझ्यापुढे आली तेव्हा तो मला दिसला. असं मनात आलं की मी स्वतःलाच रागवे. नवऱ्याचं नाव झालं तर बायकोनं साखर वाटावी. सासूबाईंनी वाटलीही.

त्या चार दिवसांत टिपून घेतलेल्यावरून वहीची एक स्वच्छ प्रत मी मराठीत करून ठेवली होती, त्यांना पुढच्या रजेत द्यावी म्हणून. ती मी संदुकीत लुगड्यांच्या खाली ठेवली.

पुढची रजा थंडीत मिळाली. कापसाची वेचणी चालू होती. त्यांच्यात फरक पडला होता. बोलताना ते आता साहेबासारखं एक बोट वर करत. सांगत होते की विमान उडताना कोपऱ्याच्या आगीचा आवाज ऐकू येत नाही. मोटारीत ठोके ऐकू येतात, पण विमानात पंख्याच्या गर्जनेत ते बुडून जातात. फक्त उष्णतेचा काटा चढत जातो, आणि ज्याला तो वाचता येतो त्यालाच कळतं. मग चालवणारा इंजिनाला जास्त पेट्रोल पाजतो. मी म्हणाले, जास्त पाजलं तर जास्त तापेल. चुलीत लाकूड घातलं की आच वाढतेच. ते हसले. "चूल नोहे ते. उपाशी ठेवलं का तापते थे इंजिन. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ होते, ते आतली आच पिऊन घेते. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडतो का नाही आपण?"

उदाहरण चांगलं होतं. ते त्यांना सुचलं होतं आणि मला सुचलं नव्हतं. मला तेही सहन झालं नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वरची एक तोंडी परीक्षा होती. दुरुस्त झालेलं विमान चालवून पाहताना एक फिटर सोबत नेतात. चालवणाऱ्याच्या मागे एकच जागा असते. परीक्षा पास होईल त्याची त्या जागेसाठी निवड व्हायची होती.

"मले इमानात बसवतील," ते म्हणाले. एवढंच. अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं.

दुपारी त्यांनी मला धडा म्हणून दाखवला. त्या परीक्षेत हमखास एक प्रश्न असे, असं ते म्हणाले: दोन चुकीच्या आगी कोणत्या, आणि त्या वेगळ्या कशा ओळखाव्या. एक आपली कोपऱ्याची. दुसरी अशी की सिलिंडरात कुठेतरी काजळीचा कण किंवा प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन राहतं आणि ठिणगी पडायच्या आधीच वाफ पेटवून देतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि त्याला वरून दणका बसतो. ती आधीची आग. दोघींत फरक साधा आहे. एक ठिणगीच्या आधी लागते, लाल झालेल्या कणापाशी. दुसरी ठिणगीच्या नंतर लागते, दूरच्या कोपऱ्यात, आपोआप. एकीनं दुसरी उद्भवू शकते, म्हणून लोक घोटाळा करतात.

त्यांनीही घोटाळाच केला. "कोपऱ्यातला कण लाल होते," ते बोट वर करून म्हणाले, "आन ठिणगीच्या आधी कोपरा पेटते. एकच आग, दोन नावं. बरोबर हाय ना?"

माझ्या हातात कापूस होता. संदुकीत, दहा पावलांवर, दोन्ही आगी वेगवेगळ्या पानांवर माझ्या अक्षरात लिहून ठेवलेल्या होत्या. जाऊ पलीकडे सरकी निवडत होती. मी बोंडातला एक कचरा काढला, मग दुसरा काढला.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

महिन्याभरानं पत्र आलं. ओसरीवर सगळे बसले. मी उभी राहून वाचलं. तोंडी परीक्षेत नापास झालो. साहेबांनी दोन आगी विचारल्या, मी एकच सांगितली. त्या जागेवर दुसऱ्याला घेतलं. प्रकृती उत्तम आहे.

मी पत्राची घडी घातली. जाऊ म्हणाली, "सवतीनं लाथ हाणली वाट्टे." या वेळी कुणी हसलं नाही. सासरे उठून गोठ्याकडे गेले.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं वाटलं. संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत तसं वाटत होतं. मग ते गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. बरोबर उत्तर लिहून पाठवायला मी दोनदा कार्ड घेतलं. पण आता लिहायचं म्हणजे मला आधीच ठाऊक होतं हे लिहायचं. कार्डावर मी सासऱ्यांच्या गुडघेदुखीबद्दल लिहिलं.

लढाई संपली. ते परत आले आणि शेती पाहू लागले. चार वर्षांत ते एकदाही विमानात बसले नव्हते. गावातले लोक विचारत, "इमानात बसले असान तुमी लय वेळा?" ते म्हणत, "इमान आमच्या डोक्यावरून जाये." लोकांना तो विनोद वाटे. मी घरात असले तर बाहेर येत नसे.

वर्षभरानं आम्ही माझ्या वडिलांना भेटायला वाशीमला निघालो. रिसोडहून येणारी सर्विस मोटार गच्च भरलेली. हे पुढे पुरुषांत, मी मागे बायकांच्या बाकावर. पहिल्या चढावर इंजिन ठोके देऊ लागलं, कुणी आतून हातोडीनं पत्रा वाजवावा तसे. अर्ध्या चढावर ड्रायव्हरनं गाडी निंबाखाली घेतली आणि बोनेट उघडलं.

"पलग बदलून पायले," तो म्हणाला. "वाल घासून पायले. तरी ठोके देऊनच राह्यली."

"म्हातारी झाली थे," एक पटकेवाला म्हणाला. "देऊन टाक भंगारात."

"म्हातारे तं तुमी बी झाले, तुमाले कोनाले देऊ?"

कुणीतरी यांच्याकडे बोट दाखवलं. हे इमानाच्या कारखान्यातले. यांनी ड्रायव्हरला इंजिन फिरवायला सांगितलं, डोळे मिटून कान दिला, आणि मग सरळ उभे राहून म्हणाले, "आमच्या घरी इचारा. त्या मांगं बसल्या हायेत. त्याईले माह्यापेक्षा जास्त समजते."

लोक हसले. मला वाटलं, हे थट्टा करताहेत. पण ते हसत नव्हते. माझ्याकडे पाहतही नव्हते. ड्रायव्हर खिडकीशी आला. "काहो बाई, इंजिन चुलीवर चढवू का उतरवू?"

माझ्या शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. मी पदर सारखा केला आणि खिडकीतूनच विचारलं, "चढावरच वाजते, का सपाटीवर बी?"

"चढावर."

"चावी बंद केली का तवाच बंद पडते? का नंतर बी दोन-चार फेरे फिरते?"

तो थांबला. "तवाच पडते."

"मग आत काही लाल होऊन राहिलं नाही. ठिणगी वेळेवर पडते. पेटताना शेवटचा कोपरा आपोआप पेटतो आहे. तेलाचा दोष आहे." मी शाळेतल्यासारखी बोलू लागले होते, ते मलाच ऐकू आलं. "मातीचं तेल किती घालता?"

पुरुषांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. पेट्रोल तेव्हा चिठ्ठीवर मिळे आणि पुरत नसे, म्हणून त्यात रॉकेल मिसळत, हे सर्वांना ठाऊक होतं.

"सांग आता," पटकेवाला म्हणाला. "मास्तरीण इचारून राह्यली."

"निम्मं," ड्रायव्हर म्हणाला. "काय करू? पेटरोल भेटते कुठी?"

"निम्मं घालू नका. घातलंच तर चढावर दामटू नका. आणि हवा कमी करा, इंजिनाला पेट्रोल जरा जास्त पिऊ द्या, थंड राहील."

"जास्त पाजलं तं थंड राहते? उलटंच सांगता तुमी."

"उलटंच असते ते," हे म्हणाले. "आयक. पाना दे इकडे."

त्यांनी ठिणगी पडायची वेळ थोडी उशिरा करून दिली, हवेची झडप फिरवली, गाडी पाऊण तास थंड होऊ दिली. मग चढ निघाला. ठोके पुष्कळ कमी झाले होते. बायका माझ्याकडे वळूनवळून पाहत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. मी बोलले खरं, पाना त्यांच्या हातात होता. तो किती जड असतो ते मला अजून ठाऊक नाही.

वाशीमला उतरून आम्ही वडिलांच्या घराकडे चालू लागलो. ते पुढे, मी दोन पावलं मागे. वळून न पाहता ते म्हणाले, "तवा काहून नाही सांगतलं?"

मी चालत राहिले.

"संदुकीतली तुयी वही म्या वाचली. आलो त्याच महिन्यात. सुई पाहत होतो. दोन आगी, दोन पानं. तारीख बी टाकली हाय तू, त्या थंडीतल्या रजेच्या आधीची."

म्हणजे वर्षभर त्यांना ठाऊक होतं. वर्षभर त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि काही विचारलं नाही. समोरून बैलगाडी आली, आम्ही बाजूला झालो, ती गेली.

"मले बी जायचं होतं," मी म्हणाले. त्यांच्याशी मी घरात वडिलांकडचीच भाषा बोलत असे. हे वाक्य मात्र त्यांच्या बोलीत निघालं.

"कुठी?"

"तुम्ही गेले तिथं."

ते थोडं चालले. "धुऱ्याचं तू दाखवलं," मग ते म्हणाले. "म्या नाही सांगतलं साहेबाले. कसं सांगू? बायकोनं शिकवलं म्हनलं असतं तं सारी बराक हसली असती." पुढे पुन्हा काही पावलं. "सांगायले पायजे होतं."

इतकंच. मी माफी मागितली नाही, त्यांनीही नाही. वडिलांच्या घरी पोचलो तेव्हा वडील ओसरीवर पेपर वाचत होते आणि त्यांनी आधी यांनाच विचारलं, "काय म्हणतं इंजिन?" मला तोच जुना हेवा वाटला. कबुली दिल्यानं हेवा जातो असं मी कुठेतरी वाचलं होतं. माझा गेला नाही. पण त्यानंतर यांच्यापुढे तो मी लपवत नसे, आणि ते त्यावरून मला चिडवत. मोटार दिसली की म्हणत, "जाय, इचार तिले, पोट दुखते का." आमच्याकडे एवढी मोकळीक कुठल्या जोडप्यात होती मला माहीत नाही.

चैत्रात त्यांना ताप आला. वाशीमहून डॉक्टर येऊन गेले. ताप एकवीस दिवसांचा आहे, पोटात पाणी आणि ताकाच्या निवळीशिवाय काही देऊ नका, म्हणाले. अठराव्या दिवशी दुपारी घरात दोघंच होतो. बाकी सगळे रानात होते. त्याच दिवशी धुरे जाळायला काढले होते आणि धुराचा वास खोलीपर्यंत येत होता. त्यांनी डोळे उघडले.

"जाळून राह्यले का?"

"हो."

"सांग मले," ते म्हणाले. "दोन आगी."

मी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली. मग सावकाश सांगितलं, "कोपऱ्यातला कण लाल होतो, आणि ठिणगीच्या आधी कोपरा पेटतो. एकच आग, दोन नावं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"चुकलं," ते म्हणाले. त्यांना मध्येमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "कन लाल होते थे वेगळी. थे ठिणगीच्या आधी. कोपऱ्याची... ठिणगीच्या नंतर. आग चालत येते. कोपऱ्याले धीर निंघत नाही."

ते शेवटचं वाक्य वहीत नव्हतं. माझ्या प्रतीतही नव्हतं.

"पास," मी म्हणाले.

"मंग बसव मले इमानात."

"बसवते. पण मी पण येईन."

"जागा एकच असते वं. चालवनारा आन एक फिटर."

"मग चालवणारी मी."

त्यांना हसू आलं. ओठ फुटले होते, हसताना दुखलं असणार. "येते का तुले चालवता?"

"पुस्तक आणा," मी म्हणाले. "वाचून घेते."

त्यांनी मान हलवली, आणणार असल्यासारखी. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. काळ्या पुठ्ठ्याची वही आणि माझी प्रत आता एकाच संदुकीत आहेत. माझ्या प्रतीत, कोपऱ्याच्या आगीच्या पानाखाली, त्यांचं ते वाक्य मी लिहून घेतलं आहे, आणि पुढे, कुणी वाचलंच तर कळावं म्हणून, हे कुणी सांगितलं तेही लिहिलं आहे.